प्रोजेक्टर, ओव्या आणि न संपणारी कविता

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

शाळेत प्रोजेक्टर आला आहे, तेव्हा पाठ्यपुस्तकातील कवितांच्या चित्रफिती मुलांना दाखवाव्यात का, असे तू विचारले आहेस. माझे मत विचारशील तर बहुतेक दाखवू नयेत. कवितेत पाऊस आला की पडद्यावर पाऊस, पाखरू आले की पाखरू, आणि मागे बासरी. मुलाने जे मनात उभे करायचे ते त्याला आयतेच मिळते. आवाज, हालचाल किंवा संगणकाची आज्ञावली हाच जिथे कवितेचा घटक असतो, तिथे मात्र हे साधन अवश्य वापरावे.

जात्यावरच्या ओव्यांचेच बघ. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि २०१७ पासून 'पारी' हे ग्रामीण भारतावरचे संकेतस्थळ त्या ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध करत आहे. छापील ओवी आपण दोन ओळींत वाचून मोकळे होतो. गाणारी बाई तीच ओळ मोडते, पुन्हा घेते, मध्ये 'गं बाई' घालते. आधी छापील ओवी वाचून घे आणि मगच ऐकव, म्हणजे कागदावर काय उतरले नाही, हे मुलेच सांगतील.

दुसरे उदाहरण दूरचे, पण मला अधिक उपयोगी पडलेले. तैवानमधील तारोको या घळीवर निक माँटफर्ट या अमेरिकन कवीने २००९ मध्ये एक छोटी आज्ञावली लिहिली. ती शब्दांच्या मोजक्या याद्यांमधून निवड करत ओळीमागून ओळ रचत जाते आणि कविता कधी संपतच नाही. पुढे अनेकांनी याद्या बदलून आपापल्या कविता केल्या, म्हणून मीही नववीच्या मुलांना सह्याद्रीची यादी करायला सांगितले. मूळ इंग्रजीत 'एस' हे एक अक्षर नामाला किंवा क्रियापदाला जोडले की भागते. आमच्या पडद्यावर मात्र 'कडा झाकोळते' आणि 'दरी उजळतो' अशा ओळी उमटल्या. वर्ग मनसोक्त हसला आणि मग याद्या लिंगानुसार वेगळ्या करा म्हणून मुलेच माझ्या मागे लागली. 'दरी उजळते' आणि 'धुके उजळते' यांना वर्तमानकाळात एकच यादी पुरते, भूतकाळात मात्र 'उजळली' आणि 'उजळले' असे वेगळे धरावे लागते, हे एका मुलीने हेरले. लिंगवचनाचे तक्ते इतकी वर्षे घोकून घेताना असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. शब्दांची निवडही आपोआप कठोर झाली, कारण यादीतला गुळगुळीत शब्द दर चार ओळींनी पुन्हा समोर येऊन छळतो.

व्यवहाराचेही सांगतो. ही कविता म्हणजे एकच लहानशी फाइल आहे. पेनड्राइव्हवर घेतलीस की इंटरनेटवाचून चालते. फ्लॅश या हलत्या चित्रांच्या जुन्या संगणकीय साधनावर केलेल्या कविता मात्र तासाच्या आदल्या दिवशी उघडून पाहा, कारण २०२० अखेर अडोबी या कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतल्यापासून त्यांतल्या कित्येक सुरूच होत नाहीत.

राहिला प्रश्न गुणांचा. प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळ्या ओळी आल्याने रसग्रहणाचे तयार उत्तर कोणत्याच गाइडमध्ये सापडत नाही. मी प्रत्येकाला आपापल्या आठ ओळी उतरवून घेऊन त्यांवरच लिहायला लावतो. तपासायला वेळ दुप्पट लागतो, तेवढी तयारी ठेव.

तुझा स्नेहांकित मित्र