जिद्दीसोबत वेळही छापा

संपादक महोदय,

दिव्यांग मुलींच्या जलतरण स्पर्धेची बातमी आली की तिच्यात घरची परिस्थिती असते, आईचे कष्ट असतात, डोळे पाणावलेले असतात. मुलगी कोणत्या वर्गात पोहली आणि तिला किती वेळ लागला, एवढे मात्र नसते. मी मुंबईतल्या स्पर्धांत टाइमकीपर म्हणून काठावर उभी असते, म्हणून हे मला फार लागते.

शारीरिक अपंगत्वासाठी एस1 ते एस10, दृष्टिदोषासाठी एस11 ते एस13 आणि बौद्धिक अपंगत्वासाठी एस14 असे बटरफ्लायचे (दोन्ही हात एकदम पाण्याबाहेरून पुढे टाकत पोहण्याच्या प्रकाराचे) वर्ग आहेत. पॅरालिम्पिकमध्ये महिलांच्या एस5 ते एस7 वर्गांना 50 मीटर अंतर असते, त्यापुढे 100 मीटर. वर्ग न सांगता नुसते ‘तिसरी आली’ लिहिणे म्हणजे वजनगट न सांगता कुस्तीचा निकाल देणे.

एक हात कोपरापर्यंतच असलेली मुलगी बटरफ्लाय पोहते तेव्हा एका बाजूने पाणी जास्त ओढले जाते आणि अंग तिरके होऊ लागते. ते पोटाच्या आणि कमरेच्या जोरावर सरळ ठेवायचे, डॉल्फिन किकची (दोन्ही पाय एकत्र मारण्याची) लय मोडू द्यायची नाही. शेवटच्या दहा मीटरमध्ये खांदे भरून येतात, श्वासासाठी हनुवटी जेमतेम पाण्याबाहेर निघते. भिंतीला फक्त जास्त लांबीचा हात टेकला तरी चालतो, पण त्या वेळी दोन्ही हात एकदम पुढे ताणलेले हवेत. पंच तेच बघत असतात. गॉगल कपाळावर सरकवला की ती धापा टाकत पहिला प्रश्न विचारते, ‘‘ताई, किती?’’ तिला कौतुक नको असते, आकडा हवा असतो. अर्धा सेकंद कमी झाला असेल तर त्यामागे कित्येक महिन्यांची पहाटेची लोकल असते. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो येतो, आकडा येत नाही.

मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण जिंकले. त्यांचे 37.33 सेकंद आजही सांगितले जातात, आणि ते योग्यच आहे. मग आपल्या मुलींचे सेकंद कोण सांगणार? दृष्टिहीन जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी 2017 मध्ये मेक्सिकोत जागतिक स्पर्धेत एसएम11 (मिडलेसाठीचा एस11) वर्गात 200 मीटर वैयक्तिक मिडलेचे, म्हणजे चार प्रकारांनी पोहण्याच्या शर्यतीचे, सुवर्ण मिळवले. मिडलेतले पहिले 50 मीटर बटरफ्लायचेच असतात, पूर्ण काळा गॉगल लावून, भिंत जवळ आल्याची खूण टॅपरने, म्हणजे काठावरच्या मदतनिसाने, काठी अंगावर टेकवून दिली की ओळखायची. टोकियो आणि पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एस11 ची 100 मीटर बटरफ्लाय पुरुषांसाठी होती, महिलांसाठी नव्हती. हा भेद का, हे आपल्या क्रीडा पानाने विचारायला हवे. मला तर तो सरळ अन्याय वाटतो.

वेळा छापून आल्या तर पालघरची किंवा कल्याणची मुलगी स्वतःची वेळ त्यांच्याशी ताडून बघेल, प्रशिक्षकांना मुली हेरता येतील, प्रायोजकांकडे जाताना हातात कात्रण असेल. यासाठी वेगळा बातमीदार पाठवायचीही गरज नाही. शर्यत संपल्यावर वर्ग, अंतर आणि वेळ लिहिलेले निकालपत्रक तलावावरच लागते. आयोजकांकडून ते मागवून घ्यावे आणि पहिल्या तीन जणींच्या नावापुढे वर्ग व वेळ छापावी, ही विनंती.

— एक टाइमकीपर, मुलुंड, मुंबई