भाडं ठळक, एक्सेस बारीक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यूझीलंडमध्ये स्वतः गाडी चालवत फिरण्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. टेकापो तलावाचा रंग, मिलफर्ड साउंडकडे जाणारा रस्ता, सगळं लिहिलंय तसंच आहे. मुलाकडे गेलो होतो तेव्हा दक्षिण बेटावर भाड्याच्या गाडीने मीही फिरलो आहे. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून आणि आपलं इंग्रजीतलं लायसन्स चालतं, हेही खरं. पण लेखाने दिवसाचं भाडं सांगून गाडीचा विषय संपवला, आणि त्याच पानावरच्या सहल कंपनीच्या जाहिरातीत ‘विमा समाविष्ट’ एवढंच छापलंय. माझी उभी नोकरी मोटार विम्याचे सर्व्हे, म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचं नुकसान तपासण्यात गेली. ‘विमा समाविष्ट’ दिसलं की मी आधी एक्सेस किती ते शोधतो.

एक्सेस म्हणजे नुकसानीतला आपल्या खिशातून जाणारा पहिला हिस्सा. आपल्याकडे प्रायव्हेट कारला तो सक्तीचा असतो, पण किती? १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००. गाडीमालक त्याबद्दल कधी हुज्जत घालत नाही. त्याचं भांडण असतं डेप्रिसिएशनवर, म्हणजे सुटा भाग जुना म्हणून केलेल्या कपातीवर, प्लास्टिकच्या बंपरचे निम्मेच पैसे का म्हणून. न्यूझीलंडला भाड्याच्या गाडीवर साध्या विम्यात हा एक्सेस साधारण २,००० ते ५,००० डॉलरच्या घरात असतो. तिथला डॉलर पन्नासेक रुपयांचा धरला तर एक ते अडीच लाख. चालक पंचविशीच्या आतला असेल तर अनेक ठिकाणी आणखी जास्त.

हिशोब करून बघा. समजा भाडं दिवसाला ६० डॉलर, गाडी १४ दिवस, एक्सेस ४,०००. भाड्याचे ८४० डॉलर म्हणजे ४२,००० रुपये झाले. काउंटरवरचा मुलगा सांगतो, दिवसाला ३५ डॉलर जास्त भरा, एक्सेस शून्य करतो. त्याचे झाले ४९० डॉलर, साडेचोवीस हजार रुपये. नको म्हटलं तर तो आपल्या क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवतो, बऱ्याचदा पूर्ण एक्सेसइतकी. डेबिट कार्ड पुष्कळ ठिकाणी घेतच नाहीत. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, बॅगा ट्रॉलीवर आणि नातवंडं पेंगुळलेली असताना हा निर्णय घ्यायचा असतो. तो घरी बसून, अटी वाचून घ्यायला हवा.

दुसरी गोष्ट चूक कोणाची याची. सिग्नलला उभे असताना मागून कोणी ठोकलं तरी एक्सेस आधी आपल्याच कार्डावरून जातो. समोरच्याकडून वसुली झाली की परत मिळतो. झाली तर. कारण न्यूझीलंडमध्ये थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपण दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा विमा, सक्तीचाच नाही! आपल्याकडे तो नसेल तर पोलीस पावती फाडतात, त्यामुळे सक्ती नसलेला देश आपल्याला अजब वाटतो. पण त्यामागे कारण आहे. अपघातात माणूस जखमी झाला तर १९७४ पासून तिथली एसीसी ही सरकारी योजना उपचाराचा भार उचलते, चूक कोणाचीही असो, आणि पाहुण्या पर्यटकालाही ती लागू होते. बदल्यात जखमेच्या भरपाईसाठी कोर्टात जाता येत नाही. आपल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं साक्षी दिलेल्या माझ्यासारख्याला ही व्यवस्था फार आवडली. मात्र तिचा संबंध हाडामासाशी आहे, पत्र्याशी नाही. ठोकणाऱ्याने विमा काढलेला नसेल, तर आपले दोन लाख त्याच्याकडून निघेपर्यंत आपण सांगलीला परतलेले असतो. आणि आजारपण एसीसीत बसत नाही, तेव्हा प्रवास विमा लागतोच.

खरी मेख वगळलेल्या गोष्टींत आहे. काच, टायर, छत आणि गाडीचा खालचा भाग साध्या विम्यात अनेकदा बसत नाहीत. आमच्याकडे दगडावर आपटून इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटल्याच्या केसेस पावसाळ्यात रोजच्या. तिथे कच्च्या रस्त्यावर ते झालं तर एक्सेसची मर्यादाही विसरा, पूर्ण बिल येऊ शकतं. आमच्या काचेवर ट्रकच्या चाकाखालचा खडा उडाला आणि रुपयाएवढा तारा उमटला. मुलाने काच-टायरचं कव्हर घेतलेलं होतं, गाडी परत करताना फॉर्मवर एक सही केली आणि निघालो. ते नसतं तर काचेचं बिल आमच्या नावावर होतं. उत्तरेतला नाइन्टी माइल बीच, क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड इथे भाड्याची गाडी नेली की विमा संपलाच. कागदावर नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली तरी तेच. जावयाला ‘घ्या जरा तुम्ही’ म्हणून किल्ली देण्याची आपली पद्धत तिथे फार महागात पडते. त्याचं नाव आधी घालून घ्या.

किआ नावाचा एक पोपट आहे तिथे. मिलफर्डच्या वाटेवर होमर बोगद्याच्या सिग्नलला गाड्या थांबल्या की तो टपावर येऊन बसतो आणि वायपरचं रबर, काचेची बीडिंग चोचीने उपसतो. संरक्षित पक्षी, हाकलायचीही चोरी. सर्व्हे रिपोर्टात नुकसानीचं कारण ‘पोपट’ असं लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, याची हळहळ वाटली.

मग विमा घ्यायचा कोणाकडून? काउंटरवरचं कव्हर सर्वांत महाग, पण सर्वांत बिनत्रासाचं. फक्त एक्सेसची भरपाई देणाऱ्या वेगळ्या पॉलिसी मिळतात, त्या बऱ्याच स्वस्त असतात. त्यात गाडीवाला आधी आपले पैसे कापतो आणि आपण बिलं जोडून दुसऱ्या कंपनीकडे मागायचे. कार्डाची लिमिट आणि कागद जपण्याची सवय असेल त्याने तो मार्ग जरूर घ्यावा. माझं मत विचाराल तर हिवाळ्यात दक्षिण बेटाच्या घाटांत जाणाऱ्याने काउंटरचे पैसे निमूट भरावेत. आपल्याकडच्या प्रवास विम्यात ‘पर्सनल लायबिलिटी’ (आपल्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान) लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. मोटार चालवताना झालेलं नुकसान त्यातून सहसा वगळलेलं असतं. भाड्याच्या गाडीच्या एक्सेसचं कलम वेगळं आहे का ते बघा. ‘माझी घरची पॉलिसी फुल आहे’ असंही एका स्नेह्यांनी मला सांगितलं. ती पॉलिसी आपल्या गाडीची, आणि जादा हप्ता भरून फार तर नेपाळ, भूतान, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत वाढते.

डिझेल गाडी घेणाऱ्यासाठी आणखी एक. तिथे पेट्रोलवरचा रस्ता कर पंपावरच जातो, डिझेलचा किलोमीटरवर लागतो, छोट्या गाडीला दर हजार किलोमीटरला ७६ डॉलर. भाडं देणाऱ्या पुष्कळ कंपन्या तो शेवटच्या बिलात लावतात. पंपावर डिझेल स्वस्त दिसतं, त्यावर जाऊ नका.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत परदेशातल्या भाड्याच्या गाडीचा दर छापाल तेव्हा त्याच ओळीत एक्सेस किती, कार्डावर किती रक्कम अडकते आणि काच-टायर विम्यात आहेत की नाहीत, हे तीन तपशीलही द्या. जाहिरातदारांकडेही तेवढं मागता येईल. ‘विमा समाविष्ट’ लिहायला जी जागा लागते, तेवढ्याच जागेत ‘एक्सेस ४,००० डॉलर’ सहज मावतं.

आपला नम्र,
एक निवृत्त मोटार सर्व्हेअर, सांगली