सुक्कोथच्या मांडवासाठी झावळ्या हव्यात, माणसंही हवीत

शालोम, नमस्कार.

यंदा 25 सप्टेंबरला, शुक्रवारी, अनंत चतुर्दशी आहे आणि त्याच संध्याकाळी आम्हा यहुद्यांचा सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण, लागतो. त्या आठवड्यात अलिबागात मांडववाला, बांबूवाला, गडी, सगळे गणपतीच्या कामात असणार. त्यात त्यांची काय चूक? पण किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास सोमवारी 21 तारखेला सुटला की मगच आम्ही मांडवाला हात लावतो आणि शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तो उभा राहिला पाहिजे. जेमतेम चार दिवस. आमची तरुण मंडळी मुंबई-ठाण्याला, नाहीतर इस्रायलला. इथे आम्ही उरलो ते बहुतेक साठीच्या पुढचे. शिडीवर चढणार कोण?

गेल्या वर्षी आम्ही सोपा मार्ग काढला आणि वर निळी ताडपत्री ताणली. प्रार्थना चालवणारे आमचे हझ्झान आले, मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "उन्हापावसाची सोय चांगली झाली. आता सुक्का कधी बांधताय?" रात्री बॅटरीच्या उजेडात ताडपत्री उतरवून झावळ्या घातल्या. सुक्काचं, म्हणजे या मांडवाचं, छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तोडून आणलेल्या वस्तूंचंच लागतं. उन्हापेक्षा सावली जास्त हवी, तरी रात्री फटीतून चांदणं दिसायला हवं. मांडव झाडाखालीही चालत नाही, त्यामुळे अंगणातल्या आंब्याची आयती सावली आमच्या उपयोगाची नाही! मिसर (इजिप्त) सोडल्यावर आमचे पूर्वज 40 वर्षं रानावनात फिरले, तेव्हा कसल्या आडोशाला राहिले, ते आठवायचं म्हणून सात दिवस पक्कं घर सोडून इथे जेवायचं. शेतातलं पीक घरात आल्याचा आनंदही याच सणाचा.

आमचे आजे-पणजे आमच्या पंचांगातल्या याच तिश्री महिन्यात खिरीचा सण करायचे. नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर. ती आम्ही यंदाही करणार आहोत.

तर हवं काय: माडाच्या 60 झावळ्या, न विणलेल्या (विणलेलं झाप दाट बसतं, चांदणं दिसत नाही). मेसकाठ्या 12. सुंभाच्या चार गुंड्या. आणि मंगळवार ते शुक्रवार सकाळचे दोन-तीन तास देतील असे पाच-सहा जण. शेजाऱ्यांना एक मुद्दाम सांगतो: मांडव बांधणारा यहुदीच असावा असं काही नाही. सावलीसाठी बांधला की झालं, असं आमचं शास्त्र सांगतं. तेव्हा संकोच नको.

एक मागणी जरा अवघड आहे. सणाला चार वनस्पती हातात धरतात. खजुरीचा न उघडलेला कोंब म्हणजे लुलाव, मर्टल या सुगंधी झुडपाच्या तीन डहाळ्या, वाळुंजाच्या दोन, आणि एत्रोग, म्हणजे आपलं म्हाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच. कुणाच्या परसात म्हाळुंग असेल तर कळवा, पण झाड कलमी नको, बियांचं हवं. कोकणात कलमाला नाही म्हणणारे आम्हीच असू! फळावर डाग नको, टोकाचा देठासारखा भाग मोडलेला नको. तोडलंत तर कापसात ठेवा. पहिला दिवस शनिवारी येतोय, शब्बाथला लुलाव हाती घेत नाहीत, म्हणून फळ शुक्रवारपर्यंत पोचलं नाही तरी रविवारी सकाळी चालेल.

मुंबई-ठाण्याच्या आपल्या मंडळींना विनंती वेगळी आहे. तुम्ही पैसे पाठवता, त्यातून लुलाव आणि मर्टल येतात, उपकारच आहेत. पण सणाच्या प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमणं यंदा कठीण दिसतंय. दोन दिवस या. राहायची सोय आम्ही करू. देणगी द्यायची असेल तर सिनेगॉगच्या कार्यालयात द्या आणि पावती मागून घ्या.

पावसाचं म्हणाल तर हस्त तेव्हाच लागतोय. आम्ही पावसाची प्रार्थना करतो ती आठव्या दिवशी, मांडवातली जेवणं संपल्यावर. तिकडे इस्रायलमध्ये पावसाळा त्याच सुमाराला सुरू होतो. इथे हत्ती त्याआधीच येतो. जेवताना सर आली तर पानं उचलून आत जायची मुभा आहे.

रविवारी 27 तारखेला संध्याकाळी मांडवात खीर आहे. झावळी आणणाऱ्याने आणि न आणणाऱ्यानेही यावं.

आपली,
सिनेगॉग व्यवस्थापन समिती