किंकाळी ऐकू आली म्हणजे ती कळली असं नाही

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

गुन्ह्याच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं, 'किंकाळ्या ऐकूनही शेजारी मदतीला धावले नाहीत'. पेपर कुठलाही घ्या, वाक्य तेच. मग दोन दिवसांनी वाचकांची पत्रं येतात, माणुसकी मेली, लोक मुर्दाड झाले वगैरे. मी साउंड रेकॉर्डिंगच्या कामातला माणूस आहे, दिवसभर आवाजच बघत आणि ऐकत असतो, त्यामुळे हे वाक्य वाचलं की राहवत नाही. ज्याला आवाज पोचला त्याला तो समजलाच असं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि ते बऱ्याचदा खरं नसतं.

आधी किंकाळी म्हणजे नेमकं काय ते बघू. माणूस नुसता 'आ' लावतो तेव्हा स्वरतंतू एका ठराविक गतीने थरथरतात, पुरुषाचे साधारण सेकंदाला 120 वेळा, बाईचे 200 च्या पुढे. तो 'आ' कम्प्युटरवर स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजातल्या उंच-खालच्या पट्ट्या दाखवणाऱ्या चित्रात, उघडला तर वहीच्या पानावर आखल्यासारख्या समांतर रेघा दिसतात, एकीवर एक, सारख्या अंतरावर. आता त्याच माणसाची किंकाळी उघडा. फुफ्फुसातून हवेचा दाब इतका येतो की स्वरतंतूंना नीट लयीत हलताच येत नाही, त्यामुळे रेघा एकदम वर उडतात, मधेच दोन रेघांच्या बरोबर मधे तिसरी उगवते, आणि काही ठिकाणी तर रेघ राहतच नाही, सगळा करडा धुरळा. तो धुरळा म्हणजेच आपल्या अंगावर काटा आणणारा भाग.

यावर 2015 मध्ये ल्यूक आर्नल, डेव्हिड पोपेल या मेंदूसंशोधकांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'करंट बायॉलॉजी' या विज्ञान-नियतकालिकात आला होता. बोलताना आपल्या आवाजाची पातळी सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते, म्हणजे साधारण जितकी अक्षरं तितके चढउतार. किंकाळीत हेच चढउतार सेकंदाला 30 ते 150 वेळा होतात. इतक्या वेगाने झाले की कानाला ते सुटे मोजता येत नाहीत, आवाज नुसता खरखरीत, ओरबाडणारा लागतो. ही खरखर जितकी जास्त तितकी मेंदूतली अमिग्डाला, म्हणजे धोक्याची दखल घेणारी जागा, जास्त पेटते असं त्यांना स्कॅनमध्ये दिसलं. आवाज कुठल्या बाजूने आला तेही खरखरीत आवाजाच्या बाबतीत लोक लवकर सांगतात. साधं बोलणं आणि गाणं 30 ते 150 च्या या पट्ट्यात जवळपास जातच नाही, मात्र अलार्म आणि भोंगे जातात. बनवणाऱ्यांनी अमिग्डाला डोळ्यासमोर ठेवली असेल असं काही वाटत नाही, लोक कशाने दचकतात ते बघत बघतच ते तिथे पोचले असणार.

त्यात आपला कानही किंकाळीच्या बाजूचा. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, आणि तेवढ्या लांबीची नळी 3000 हर्ट्झच्या (सेकंदाला 3000 कंपनांच्या) आसपास घुमते, म्हणून त्या पट्टीतला आवाज पडद्यापर्यंत जाईतो आपोआप 10-15 डेसिबलने वाढतो. किंकाळीची बरीच ताकद याच भागात असते. म्हणजे समोर उभं राहून कोणी किंचाळलं तर चुकायचा प्रश्नच नाही.

पण बातमीतला शेजारी समोर उभा नसतो ना!

हिशेब करून बघा. एक मीटरवर किंकाळी 100 डेसिबल धरू (गिनेस रेकॉर्ड 129 चा आहे, जिल ड्रेक नावाच्या ब्रिटिश बाईंचा, सन 2000 मधला, पण ते सोडा). उघड्यावर अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल जातात. 32 मीटरवर उरले 70. मधे साधी बंद काचेची खिडकी असेल तर आणखी 25 एक गेले, उरले 45. हे म्हणजे हळू आवाजातलं बोलणं, घरात पंखा किंवा टीव्ही चालू असेल तर त्यात सहज बुडून जाईल. शिवाय भिंत आणि काच सगळ्या पट्ट्यांना सारखं वागवत नाहीत, उंच पट्टी जास्त अडवतात आणि खर्ज त्यामानाने सोडतात, म्हणजे धोक्याची खूण ज्या भागात आहे तोच भाग आधी कापला जातो. वय झालेल्या माणसाचे कान नेमके वरच्या पट्टीतच आधी जातात, तो घाटा वेगळाच.

याहून मोठी भानगड घुमण्याची आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. बंद जिना, लांब पॅसेज, चारी बाजूंनी इमारती असलेलं आवार, अशा ठिकाणी आवाज भिंतींवर आपटून परत परत येतो. किंकाळीतले ते सेकंदाला 70-80 चढउतार म्हणजे दोन चढांच्या मधे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढी फट, आणि प्रतिध्वनी ती फट भरून टाकतो. एखाद सेकंद घुमणाऱ्या जिन्यात ही खरखर जवळपास पुसली जाते. आवाज मोठाच राहतो पण गुळगुळीत होतो, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला पोरं दंगा करतायत की कोणी जीव मुठीत धरून ओरडतंय याचा पत्ता लागत नाही. दिशेचं पण तेच, एका कानापासून दुसऱ्यापर्यंत आवाज पोचायला जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो आणि त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो, पण तुमची खिडकी उलट्या बाजूला असेल तर पहिला येणारा आवाजच समोरच्या भिंतीवरून परतलेला असतो. मग माणूस बाहेर येऊन भलतीकडेच बघतो, काही दिसत नाही, आत जातो. नंतर त्याचीच गणना मुर्दाडांत.

बरं, आवाज अगदी स्वच्छ पोचला तरी अर्थ पोचतो का? अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाचे हॅरॉल्ड गुझूल्स, जे आधी माकडांच्या किंकाळ्यांवर काम करायचे, त्यांच्या गटाने 2021 मध्ये आलेल्या अभ्यासात लोकांना नुसत्या किंकाळ्या ऐकवल्या, मागचापुढचा संदर्भ काही नाही. भीतीची, वेदनेची, रागाची असं बरंच लोकांनी ठीक ओळखलं, पण आनंदाने किंचाळलेलं मात्र अनेकांना भीतीचं वाटलं. त्याच साली झ्युरिक विद्यापीठातल्या अभ्यासात मात्र लोकांनी आनंदाच्या किंकाळ्या भीतीच्या किंकाळ्यांपेक्षा लवकर आणि जास्त बरोबर ओळखल्या. दोन्ही निकाल एकमेकांच्या अंगावर येतात हे मलाही दिसतंय, किंकाळ्या कुठून गोळा केल्या आणि प्रश्न कसा विचारला यावरही बरंच असतं. पण नुसत्या कानावर भरवसा ठेवून पैज लावू नये एवढं तर दोन्हीतून निघतंच. गुझूल्स यांच्याच गटाच्या आणखी एका कामात अभिनयातली किंकाळी आणि खरी किंकाळी ऐकणाऱ्यांना वेगळी काढता आली नव्हती. त्यामुळे चॅनलवर बसून क्लिप लावायची आणि 'ही किंकाळी खरी वाटत नाही' म्हणायचं हे जे चालतं त्याला काडीचाही आधार नाही, कृपया ते तरी पेपरात छापू नका.

या सगळ्यातलं नावाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं. मार्च 1964 मध्ये किटी जेनोव्हीस नावाच्या तरुणीचा पहाटे तीनच्या सुमारास खून झाला आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं की 38 जण बघत राहिले, कोणी फोन केला नाही. जगभर त्यावर अग्रलेख निघाले, मानसशास्त्राच्या पुस्तकांत धडे आले. नंतर लोकांनी खोलात जाऊन तपासलं तेव्हा चित्र वेगळं निघालं. रात्र थंडीची, खिडक्या बंद, बऱ्याच जणांनी फक्त काहीतरी ऐकलं होतं आणि काहींना ते दारूड्यांचं नाहीतर नवराबायकोचं भांडण वाटलं. दुसरा हल्ला तर इमारतीच्या मागच्या बाजूला आत झाला, तिथे बघणार कोण? एका माणसाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पहिल्यांदा पळवून पण लावलं होतं. खुद्द टाइम्सने 2016 मध्ये आपली जुनी बातमी सदोष होती हे मान्य केलं, म्हणजे 52 वर्षांनी.

सगळेच शेजारी निर्दोष असं मी म्हणत नाही. डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांचा 1968 चा प्रयोग आहे, इंटरकॉमवर एका माणसाला फिट येतेय असं ऐकवलं. ऐकणारा आपण एकटेच ऐकतोय असं समजत होता तेव्हा 85 टक्के लोक उठले, आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं तेव्हा 31 टक्केच उठले. तिथे आवाज भिंतीतून किंवा जिन्यातून येत नव्हता, इंटरकॉमवरून स्वच्छ ऐकू येत होता. म्हणजे दुसरा कोणी बघेल म्हणून बसून राहणारे असतातच, आणि ज्याला धडधडीत 'वाचवा' ऐकू आलं आणि ज्याने कडी लावून घेतली त्याची मी बाजू घेणार नाही. पण तो आणि बंद खिडकीआड पंख्याखाली 45 डेसिबल ऐकलेला, या दोघांना एका वाक्यात कोंबून कसं चालेल?

म्हणून विनंती एवढीच की वार्ताहर शेजाऱ्यांशी बोलायला जातील तेव्हा 'किंकाळी ऐकली का' एवढंच विचारून परत येऊ नका. किती लांबून ऐकली, खिडकी उघडी होती की बंद, घरात तेव्हा काय चालू होतं, एकदाच ऐकू आली की परत परत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या क्षणी ते काय आहे असं वाटलं, हेही विचारा. आज बातमी कळल्यावर काय वाटतंय ते वेगळं, एकदा खून झाल्याचं कळलं की प्रत्येकाला आपण भयानक किंकाळी ऐकली होती असंच आठवायला लागतं. उत्तरं जशी येतील तशी छापा, बातमी चार ओळींनी वाढेल. जागा कमी पडली तर ते वरचं ठरलेलं वाक्य काढून टाका.

आपला,
एक नियमित वाचक