नोकरी सोडली आहे, पण काळजी करू नका

प्रिय आई, बाबा,

सप्रेम जय भीम.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प झाले असते आणि आईनं "जेवली का?" विचारून विषय बदलला असता. म्हणून लिहिते. बाबा, आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळायचं नाही.

मी कंपनीतली नोकरी सोडली आहे. सोडणार नाही, सोडली. 1 तारखेपासून सिएटलमधल्याच, जातिभेदाविरुद्ध लढणाऱ्या एका छोट्या संस्थेत पूर्णवेळ काम करते आहे. पगार निम्म्याहून कमी. पण तुमच्या खात्यात दर महिन्याला येतात तेवढे येतच राहतील, त्याची सोय केली आणि मगच राजीनामा दिला. घराचे हप्ते नाहीत. गाडी जुनी आहे, पण कुरकुरत नाही. विमा नव्या ठिकाणीही आहे. आई, खोलीत हिटर असतो आणि मी पायमोजे घालूनच झोपते. इथल्या भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, अंबाडीसुद्धा मिळते, जरा महाग. उपाशी राहणार नाही.

बाबा, तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. "बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, शिकले आणि परत आले. तू?" दर वेळी मी हसण्यावारी नेलं. आज उत्तर देते. ते परत आले, कारण काम तिथं होतं. माझं काम इथं येऊन पोचलं आहे. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनीच ज्ञानकोशकार केतकरांचं म्हणणं दिलं होतं, की हिंदू जगात इतरत्र गेले तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल. आज इथे ऑफिसात नवा पोरगा आला की आधी आडनाव, मग गाव, मग "नॉनव्हेज खातोस का?" तेवढ्यानं कळलं नाही तर शाबासकी म्हणून पाठीवर हात ठेवतात आणि बोटं खांद्याशी जानवं चाचपतात.

21 फेब्रुवारी 2023 ला सिएटलच्या नगर परिषदेनं सहा विरुद्ध एक मतांनी जातिभेदावर बंदी आणली, अमेरिकेतलं पहिलंच शहर. त्या दिवशी तुम्ही वस्तीत पेढे वाटले होते. (पुढे ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसलंच विधेयक नाकारलं, ते मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तुमचं बीपी!) पण कायदा झाला म्हणून माणूस बोलायला लागतो असं नाही. या पोरांचा व्हिसा कंपनीच्या हातात. नोकरी गेली की 60 दिवस, तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर सामान बांधा. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, घरी बहिणीचं लग्न. कोण तक्रार करेल?

आई, तुला तो ठेकेदार आठवतो ना? तू विड्या वळायचीस आणि मी तुझ्या पाठीला टेकून पाढे म्हणायची. ओल्या गोणपाटातली तेंदूची पानं, तुझं ते वाढवलेलं नख, विडीचं तोंड दुमडताना होणारा बारीकसा आवाज. तो मोजायला बसला की चांगल्या विड्याही छाट म्हणून बाजूला काढायचा, पैसे कापायचा आणि त्याच विड्या घेऊन जायचा. तू बोलायची नाहीस, कारण उद्याची पानं त्याच्याकडूनच यायची होती. ही पोरं अशीच गप्प बसतात. तुला दोष देत नाही गं. तुझ्या त्या गप्प बसण्यातूनच माझी फी भरली गेली. पण माझ्या हातात आता ग्रीन कार्ड आहे, माझी पानं कुणी अडवू शकत नाही. मग बोलायचं कुणी?

आणि मी इथं एकटी नाही. रविवारी कुणाच्या तरी घरी वंदनेला सगळी जमतो. मिल बंद पडली तेव्हा बाबा रोज संध्याकाळी इंदोऱ्याच्या विहारात जाऊन बसायचे. आजोबांच्या खांद्यावरून पाहिलेली 14 ऑक्टोबर 1956 ची धम्मदीक्षेची गर्दी तुम्हाला खरंच आठवते की ऐकून ऐकून आठवायला लागली, तो वाद आज नको. पण सुरुवातीची वर्षं, बाहेर नुसता पाऊस आणि बोलायला कुणी नाही, तेव्हा मी त्रिशरण-पंचशील मोठ्यानं म्हणायची, अगदी तुमच्या चालीत. रडू थांबायचं.

पुढच्या महिन्यात एका सभेत मी पूर्ण नाव, आडनाव लावून बोलणार आहे. व्हिडिओ वस्तीतल्या ग्रुपवर येईलच. बघा, पण खाली लोक काय लिहितात ते वाचायचं नाही. बाबा, तुम्ही तर मुळीच नाही. मामांना सध्या सांगू नका, मीच सांगेन.

आता माझं ऐका. आईचा खोकला तंबाखूच्या धुळीचा आहे की दुसरा कसला, ते कळायलाच हवं. या आठवड्यात एक्सरे काढा आणि फोटो मला पाठवा. "बरं वाटतंय" हे उत्तर चालणार नाही. टोंगळ्यांच्या ऑपरेशनचे पैसे वेगळे ठेवले आहेत, नोकरीचा आणि त्यांचा काही संबंध नाही, त्यामुळे "आता कशाला" म्हणायचं नाही. बाबा, साखर सकाळी उपाशीपोटी मोजायची, चहानंतर नाही. मला वहीतले आकडे बघून कळतं. दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या गर्दीत स्कूटर काढायची नाही. आदल्या दिवशी सकाळी रिक्षानं जा, आईला सोबत न्या, पाण्याची बाटली घ्या. आणि तिथल्या स्टॉलवरून माझ्यासाठी नवीन कॅलेंडर आणा, मोठं. ऑफिसात लावायचं आहे.

तुमची,
बेबी