जुन्या कॅसेटी भंगारात देऊ नका, वाचनालयात आणा

समस्त गावकरी, मायमाउल्या आणि बाहेरगावी नोकरीला गेलेल्या मंडळींना नमस्कार.

वाचनालयाच्या कपाटात 140 कॅसेटी जमल्या आहेत. त्यांवरचा आवाज संगणकावर उतरवून जपायचा आहे. मंडईतल्या दंडारी, रात्रभर रंगलेल्या खडी गंमती, खंजिरी भजनं. आणि एका पिशवीत जात्यावरच्या ओव्या. त्या म्हणणाऱ्या आज्या आता नाहीत. काही फितींवर पांढरी बुरशी धरली आहे. अशी कॅसेट घरी लावून पाहू नका, टेपाचं हेडही खराब होतं.

गेल्या वर्षी आम्ही टेपासमोर मोबाईल धरून पाहिला. ओवीपेक्षा पंख्याची घरघर मोठी, त्यात शेजारचा कोंबडा! ढोलकीवर थाप पडली की मोबाईल आपल्याच मनानं आवाज दाबायचा. म्हणून आता टेपातून वायर थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज संगणकात घालणाऱ्या यंत्रात जाईल.

फितीवरचा आवाज म्हणजे सलग चढउतार. हे यंत्र त्याची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजतं आणि आकडे लिहून ठेवतं. माणसाला फार तर सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त लागते, म्हणून सीडीत ती 44,100 वेळा असते. सीडीत उंची मोजायला 16 बिट, म्हणजे 65,536 पायऱ्या. आम्ही 48,000 वेळा आणि 24 बिटांत मोजणार. पायऱ्या इतक्या बारीक असल्या की आवाज थोडा खाली ठेवूनही हळू ओवी नीट उतरते. थाप सगळ्यात वरच्या पायरीपलीकडे गेली तर तिचा शेंडा छाटला जातो, मग तो कशानंच परत येत नाही.

तासाभराच्या आवाजाला साधारण 1 जीबी जागा लागते. म्हणून दोन हार्ड डिस्क हव्यात. एक इथे, दुसरी परगावी राहील. इंटरफेस घ्यायचा आहे. कुणाकडे कॅसेट डेक पडून असेल तर द्या, पट्टा सैल असला तरी चालेल, बदलून घेऊ. पैशाची पावती मिळेल. कास्तकारांनी धान दिलं तरी घेऊ.

पैशाहून जास्त माणसं पाहिजेत. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, त्यात घाई नाही. रोवणी आटोपली की संध्याकाळी आळीपाळीनं कुणी बसाल का?

कॅसेट देताना मागच्या कडेच्या दोन टोकांना असलेले प्लास्टिकचे छोटे चौकोनी तुकडे मोडून द्या, म्हणजे चुकूनही पुसली जाणार नाही. काम झालं की ती तुमची तुम्हाला परत. आणि आवाज कुणाचा, वर्ष कोणतं, आठवत असेल तेवढं चिठ्ठीवर लिहा. 37 कॅसेटींवर काहीच लिहिलेलं नाही.

— वाचनालय समिती