साळिंदराला हात कोणी लावायचा? वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारी पहाटे पाचला डेअरीवर दूध घालायला निघालेल्या आमच्या शेजाऱ्यांना रस्त्याकडेला साळिंदर पडलेलं दिसलं. गाडीनं उडवलं होतं. मागचा पाय लोंबत होता. काटे फुलवू बघायचं आणि थरथरून पुन्हा खाली बसायचं. आम्ही वर जुनी घोंगडी टाकली, टोमॅटोचा क्रेट पालथा घातला आणि फोन लावायला लागलो. दुपारी दोनला ते गेलं. नऊ तासांत एकोणीस फोन केले, सगळे माझ्या मोबाइलमध्ये आहेत.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बाई, हा वन्यप्राणी. वनखात्याचं पत्र आणा, नाहीतर माझी नोकरी जाईल." वनरक्षक म्हणाले, "आमच्याकडे डॉक्टर नाही, साहेबांना विचारतो." साहेब मीटिंगमध्ये. दोघंही माणसं वाईट नव्हती, कागदाला भ्यायलेली होती. गेल्याचं कळवलं तेव्हा मात्र तासाभरात जीप आली. चार माणसं, पंचनामा, माझी सही.

त्या रात्री मी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 39 वाचलं. मेलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. मग पहाटे पाच ते दुपारी दोन ते साळिंदर कोणाचं होतं, साहेब? सरकारची मालमत्ता कोणाच्या हाती आली तर कळवायला 48 तासांची मुदत आहे. तेवढ्यात जखमेला पट्टी बांधू नये, असं कुठं लिहिलंय?

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडात लेकीकडे होते. ऑक्टोबरात भरदुपारी अंगणात हेजहॉग आला. नारळाएवढा जीव, अंगभर काटे. रात्री फिरणारा हा प्राणी दिवसा बाहेर दिसला की आजारी समजायचं. लेकीनं जाड हातमोजे घालून त्याला खोक्यात ठेवलं, टॉवेलखाली गरम पाण्याची पिशवी दिली. मी दूध द्यायला निघाले तर ओरडली, दुधानं त्यांना जुलाब होतात. जवळच्या व्हेटनं गॅसची भूल दिली, कारण भ्यायला की तो अंगाचा गोळा करून बसतो आणि भूल दिल्याशिवाय ती गुंडाळी सुटत नाही. मग चिमट्यानं एकेक गोचीड काढली, जखमेतली माश्यांची अंडी पुसली, औषध दिलं. पैसे घेतले नाहीत. कुठलाही प्राणी असो, तातडीचे प्रथमोपचार आणि वेदनाशमन करायचंच, असं तिथल्या पशुवैद्यांच्या आचारसंहितेत आहे. संध्याकाळी हेजहॉग सांभाळणाऱ्या एक बाई येऊन घेऊन गेल्या. औषध ठरवणार डॉक्टर, रात्री उठून भरवणार बाई. रोजचं वजन त्या वहीत लिहायच्या, कारण हिवाळ्याची झोप निभायला साधारण 450 ते 600 ग्रॅम तरी भरावं लागतं. वजन वाढलं नाही की डॉक्टरांना फोन. कोणी कोणाकडे पत्र मागितलं नाही.

आपल्याकडे हे जमत नाही असं नाही. नागपूरला सेमिनरी हिल्सवर उपचार केंद्र आहे, पुण्यात बावधनला वनखातं आणि संस्था मिळून काम करतात, जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांची निगा राखतात. पण आमच्या घाटातून पुणं चार तासांवर, आणि जखमी जनावर न्यायला गाडी कोण देणार? गेल्या वन्यजीव सप्ताहात आमच्याच शाळेच्या मैदानावर पाहुणे सांगून गेले होते, तालुक्यालाच सोय होईल. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

मी चौसष्ट वर्षांची आहे. दुखरे गुडघे घेऊन नऊ तास त्या क्रेटजवळ बसले, तेव्हा मला सारखे आमचे हे आठवत होते. त्यांच्या छातीत कळ आली त्या रात्रीही असंच झालं. गाडी आहे तर ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर आहे तर आदेश नाही. मृत्यूच्या दाखल्याला मात्र एक दिवसही लागला नाही. माणूस असो की साळिंदर, जीव जाईपर्यंत कोणाला यायला फुरसत का नसते? राज्यात जनावरांचे साडेचार हजारांवर सरकारी दवाखाने आहेत म्हणतात. त्यातल्या एकाही डॉक्टरला नोकरीची भीती न बाळगता काटेवाल्या जिवाला सुई टोचता येऊ नये?

आपण आणि पशुसंवर्धन मंत्र्यांनी मिळून एक परिपत्रक काढा. जखमी वन्यप्राण्यावर सरकारी पशुवैद्यानं आधी उपचार करावेत, कागद नंतर व्हावा. दवाखान्याच्या भिंतीवर वनरक्षकाचा आणि जवळच्या प्राणिमित्रांचा नंबर लावा. जाड हातमोजे आणि झाकणाचा पिंजरा तिथं ठेवा. बस, एवढंच.

घोंगडीत अडकलेला एक काटा काल सापडला. पंचनाम्यात तो नाही. तोही सरकारचाच, म्हणून जपून ठेवलाय. परिपत्रकाची तारीख कळवा, पोस्टकार्डावर कळवली तरी चालेल.

आपली,
घाटमाथ्यावरच्या गावातली एक निवृत्त शिक्षिका